लाइन क्लिअर

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. ती पाडून टाकायची, हे सौ.ने घर घेतल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं. बारा माणसं जेवायला आली की सहाजण इकडे आणि सहाजण तिकडे, आणि वाढणारी कायम दारात अडकलेली. मंडळातल्या बहुतेकांनी हा अनुभव घेतला असेल. शेवटी २००७ च्या वसंतात भिंत पडली, तिच्या जागी वर लोखंडी बीम आला, कौन्सिलचा माणूस येऊन पाहून गेला आणि आम्ही पेढे वाटले.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नव्हती. त्या भिंतीवर दिव्यांची बटणं होती. भिंत गेली, बटणं गेली, आणि छताच्या भोकातून तीन करड्या केबली वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबत राहिल्या. दिवे होते तेही आता भलत्याच जागी. एक फ्रिजच्या डोक्यावर, दुसरा थेट बीमला चिकटून. म्हणजे छताच्या आतून सगळ्या केबलींचा मार्ग बदलायचा.

जूनमध्ये अण्णा आणि आई सहा महिन्यांसाठी आले. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. विमानतळावरून घरी आल्यावर चहा व्हायच्या आधी त्यांनी त्या पारंब्यांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘ह्या जिवंत आहेत का?’’

इथे थोडं सांगायला हवं. अण्णा एमएसईबीत होते, असं मी कोणी विचारलं की सांगत असे. सासुरवाडीला तसंच सांगितलं, इथेही तसंच. ऐकणारा आपल्या मनानं काय ते समजे. कोणी इंजिनिअर समजे, कोणी ऑफिसातला साहेब. मी कधी खोडून काढलं नाही. अण्णा वायरमन होते. १९६१ साली लागले आणि १९९४ साली निवृत्त झाले, तेहतीस वर्षं पोलवर चढून. कराडच्या आसपासची कितीतरी गावं त्यांनी पायाखाली घातली होती. माझं इंजिनिअरिंग त्याच पगारावर झालं.

इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २००५ पासून घरातल्या वायरिंगलाही बिल्डिंग रेग्युलेशन्सचा ‘पार्ट पी’ लागू झाला होता. त्या वेळी स्वयंपाकघरातलं वायरिंग बदलायचं तर एक तर कौन्सिलला कळवा, नाही तर नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, असा नियम होता. (२०१३ मध्ये इंग्लंडमध्ये ही यादी बरीच आखूड झाली, स्वयंपाकघर त्यातून सुटलं. करंट मात्र पूर्वीइतकाच लागतो.) आम्ही एक साठीतला आयरिश इलेक्ट्रिशियन गाठला. त्याने खर्च सांगितला, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, फळ्या उचकटणं, लाकडाला भोकं पाडणं, केबल ओढून ठेवणं एवढं तुम्ही करा, मी खुणा करून देतो. जोडणी, तपासणी आणि सर्टिफिकेट माझं. एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. मी मान डोलावली.

शुक्रवारी रजा टाकून वरच्या बेडरूममधला गालिचा गुंडाळला. आमचं घर १९३० च्या दशकातलं. फळ्या सुट्या, एकमेकींत न अडकवलेल्या, त्यामुळे पटाशी घालून हलक्या हाताने उचकटल्या की निघत. दोन फळ्या निघाल्या आणि अण्णा गुडघ्यावर बसून आत डोकावले. ‘‘अरे, हा तर आपला कडीपाट!’’ त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आईला हाक मारून बोलावलं. कराडच्या घराला कडीपाटच होता. खाली कड्या, वर पाट, पाटावर माती. इथे माती नाही, आणि कड्यांच्या खालून प्लास्टरचं छत ठोकलेलं, एवढाच फरक. इंग्रज ज्याला जॉइस्ट म्हणतात तीच आपली कडी.

मग त्यांनी बोट दाखवलं. आधीच्या कुणीतरी, बहुधा सत्तरच्या दशकात, प्रत्येक कडीच्या वरच्या कडेला खाच पाडून केबल त्यात नुसती निजवली होती आणि वरून फळी ठोकली होती. एका ठिकाणी फळीचा खिळा केबलच्या करड्या आवरणाला चिरून बाजूने खाली गेला होता. आतल्या लाल वायरचं इन्सुलेशन दिसत होतं. त्या जागेवर आमचा पलंग होता. सात वर्षं आम्ही त्याच्यावर झोपत होतो.

अण्णा म्हणाले, ‘‘ज्याने ही खाच पाडली तो सुतार नव्हता, आणि वायरमनही नव्हता.’’

कडीला भोक कुठे पाडायचं याचा हिशेब असतो. इलेक्ट्रिशियनने तो पेन्सिलीने लाकडावरच लिहून दिला होता. फळीवर वजन आलं की कडीची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधोमध एक रेषा अशी असते की तिथे ना दाब ना ताण. भोक पाडायचं ते त्या रेषेवर. वर किंवा खाली खाच पाडली की कडीचा सगळ्यात कामाचा भाग आपण कापतो. आमच्या कड्या १७५ मिलिमीटर उंचीच्या आणि दोन भिंतींमधलं अंतर ३.६ मीटर. भोक कडीच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाहून मोठं नको, म्हणजे फार तर ४३ मिलिमीटर. आम्हाला २० पुरेसं होतं. तेही भिंतीपासून अंतराच्या पाव ते चार-दशांश एवढ्याच पट्ट्यात, म्हणजे आमच्याकडे ९० सेंटिमीटर ते १ मीटर ४४ च्या दरम्यान. दोन भोकं शेजारी हवी असतील तर त्यांच्या मध्यांमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर. आणि विजेच्या नियमाप्रमाणे केबल कडीच्या वरच्या-खालच्या कडेपासून निदान ५० मिलिमीटर आत हवी, कारण फळीचा खिळा वरून येतो आणि छताचा खालून. ते शक्य नसेल तर वर लोखंडी संरक्षण द्यायचं. मध्यावर भोक पाडलं की हे दोन्ही हिशेब आपोआप जुळतात.

अण्णांना हा हिशेब फार आवडला. मी प्रत्येक कडीशी ते आकडे मोठ्याने वाचायचे आणि त्यांनी टेप लावून पेन्सिलची फुली मारायची. त्यांचा हात थरथरत असे, फुली वाकडी येई. पण जागा चुकली नाही. भोकं पाडायला कोनातून चालणारं ड्रिल भाड्याने आणलं होतं. साधं ड्रिल दोन कड्यांच्या मधल्या फूटभर जागेत मावत नाही, मग माणूस ते तिरकं धरतो आणि भोक तिरकं जातं. आमच्याकडे सुतार गिरमिट वापरायचे, त्याला जागा लागत नाही, असं अण्णांचं म्हणणं. पण पाऊणशे वर्षांचं ते पाईन इतकं टणक झालं होतं की तिसऱ्या कडीला गिरमिटाचा विषय बंद झाला.

गरम पाण्याचे पाइप त्याच पोकळीतून गेलेले, त्यांच्यापासून केबल लांब ठेवायची. केबल भोकातून ओढताना ताणायची नाही, सैल सोडायची. ही कामं वेळखाऊ पण सरळ. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नऊ कड्या झाल्या. आईने खाली पिठलं-भाकरी केली होती. भाकरी खाताना अण्णांनी मला विचारलं, ‘‘इथला होल्डर आपल्यासारखाच खटक्याचा कसा काय?’’ मी म्हटलं, ‘‘अण्णा, आपला यांच्यासारखा आहे.’’ त्यावर ते पुष्कळ वेळ हसले.

त्यांना खटकत होती ती निळी वायर. नव्या केबलमध्ये फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा. मार्च २००४ पासून हे रंग चालू झाले आणि एप्रिल २००६ पासून नव्या कामाला सक्तीचे झाले. जुनी केबल लाल आणि काळी, आपल्यासारखी. पण आपल्याकडे तीन फेज म्हणजे लाल, पिवळी, निळी. अण्णांच्या तेहतीस वर्षांत निळी म्हणजे फेज, हात लावला तर मेलास. ती निळी आता न्यूट्रल म्हणून समोर आलेली. ‘‘रंगावर विश्वास ठेवायचा नाही,’’ ते म्हणाले. शिवाय बटणाकडे जाऊन परत येणारी काळी वायर, ती तर काळी असूनही फेज असते, बटण दाबलं की जिवंत होते. शहाणा माणूस तिच्या टोकाला लाल नळी चढवून ठेवतो. आमच्याकडच्या सत्तरच्या दशकातल्या सद्गृहस्थाने चढवली नव्हती.

शनिवारी दुपारी मी चूक केली.

चिरलेली केबल बदलायचीच होती, पण बाकीच्या दोन चांगल्या होत्या. त्या खाचांतून काढून नव्या भोकांतून ओवायच्या तर त्यांचं एक टोक मोकळं करायला हवं. टोक होतं एका कडीच्या अंगावर बसवलेल्या गोल तपकिरी जंक्शन बॉक्समध्ये. इलेक्ट्रिशियन सोमवारी येणार होता. मला वाटलं, चार स्क्रू तर आहेत. रविवारी दिवसभर वाट पाहत बसण्यापेक्षा आजच काम उरकेल.

अण्णा म्हणाले, ‘‘मेन बंद कर.’’

मी म्हटलं, ‘‘अहो अण्णा, मेन कशाला? फ्रीझरमध्ये सामान आहे, मुलाचा कॉम्प्युटर चालू आहे. इथे प्रत्येक सर्किटला वेगळा ब्रेकर असतो. खालच्या दिव्यांचा बंद केला की झालं.’’ मी खाली जाऊन सहा अँपिअरचा तो ब्रेकर पाडला. स्वयंपाकघरातला दिवा गेला. वर येऊन अण्णांचाच टेस्टर, तो ते कराडहून बॅगेत घालून घेऊन आले होते, बॉक्समधल्या लाल वायरीला लावला. लागला नाही. काळीला लावला. लागला नाही. अण्णा काही बोलले नाहीत. दारात खुर्ची टाकून, अर्धं तोंड जिन्याकडे करून बसले. जिन्यात खिडकी नसल्यामुळे तिथला दिवा दिवसाही लावलेला असतो.

मी न्यूट्रलचा स्क्रू सैल केला, चार काळ्या वायरींतली एक बाहेर ओढली आणि तिचं तांब्याचं टोक सरळ करायला दुसऱ्या हाताची बोटं पुढे केली.

‘‘हात काढ!’’

अण्णांचा असा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. खालून आई धावत आली. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते, चोर धरल्यासारखे.

‘‘जिन्यातला दिवा गेला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तू काळी काढलीस आणि दिवा गेला.’’

मग ते उठले, भिंतीला धरून आले, आणि थरथरत्या हाताने टेस्टर त्या सुट्या काळ्या वायरीच्या टोकाला लावला. टेस्टर लागला.

त्याचं कारण मला त्यांनी फळीवर पेन्सिलीने चित्र काढून समजावलं. जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. वायरिंग करणाऱ्याने केबल वाचवण्यासाठी त्या दिव्याचा फेज वरच्या मजल्याच्या सर्किटमधून घेतला होता आणि न्यूट्रल खालच्या मजल्याच्या. उसना न्यूट्रल. ब्रेकर फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तोडत नाही. त्यामुळे खालचा ब्रेकर पाडूनही वरून फेज येत होता, दिव्यातून जात होता आणि आमच्या बॉक्समधल्या काळ्या वायरीतून परत मेनकडे जात होता. वायर जोडलेली आहे तोवर टेस्टर काही दाखवणार नाही, कारण न्यूट्रलवर व्होल्टेज नसतंच. ती तोडली की परतीची वाट बंद, दिवा बंद, आणि सुट्या टोकावर २३० व्होल्ट, माणसाची वाट पाहत. मध्ये ६० वॅटचा दिवा आहे म्हणून काही वाचवत नाही. त्यातून पाव अँपिअर जातो. ज्या आरसीडीने माणूस वाचायचा ती ३० मिलिअँपिअरला तुटते. आणि आमच्या दिव्यांना तेव्हा आरसीडी नव्हतीच. नव्या बसणाऱ्या घरगुती दिव्यांच्या सर्किटना तो नियम इथे २०१९ पासून आला.

मी मेन बंद करून आलो. आईने चहा करायला गॅस पेटवला. अण्णा पाटावर, म्हणजे त्या उरलेल्या फळ्यांवर, पाय सोडून बसून राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, ‘‘अठ्ठ्याहत्तर साली असंच झालं.’’

१९७८ साली मी नऊ वर्षांचा होतो. अण्णांचा एक जोडीदार पोलवर गेला, एवढं मला माहीत होतं. घरात त्याबद्दल बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असं. संध्याकाळची वेळ, वरून पावसाची चिन्हं. ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज अण्णांनी स्वतः काढले आणि खालून ओरडून सांगितलं, ‘‘लाइन क्लिअर!’’ काम सुरू करायच्या आधी लाइन अर्थ करून घ्यायची असते, साखळी टाकून. दोघांनाही माहीत होतं. अंधार व्हायच्या आत उरकू म्हणून राहिलं. जोडीदार वर चढला. गावातल्या टॉकीजमध्ये सहाचा खेळ होता. वीज गेली म्हणून मालकाने जनरेटर चालू केला, आणि लाइनीकडचा स्विच फिरवायचा तो फिरवला नाही. जनरेटरचा करंट उलटा लाइनीत आला.

‘‘चौकशीत टॉकीजवाल्यावर दोष आला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पण लाइन क्लिअर मी म्हटलं होतं.’’

आई कप घेऊन जिन्यात उभी होती. तिला हे सगळं ठाऊक होतं. मला एवढंच आठवलं की दरवर्षी जूनमध्ये अण्णा शाळेच्या वह्यांचे आणि गणवेशाचे दोन जोड आणायचे. एक माझा. दुसरा सायकलला अडकवून कुठे तरी जायचा. मी कधी विचारलं नव्हतं, दोन का.

सोमवारी इलेक्ट्रिशियन आला. मी बॉक्स उघडल्याचं त्याला सांगितलं. तो माझ्यावर रागावला, आणि ते योग्यच होतं. मग जिन्याच्या दिव्याची गोष्ट सांगितल्यावर त्याने अण्णांकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘माझे वडील वायरमन होते.’’ त्याने हातमोजा काढून अण्णांचा हात हातात घेतला. पुढचे तीन तास दोघं मिळून काम करत होते. अण्णांचं इंग्रजी पाच-पन्नास शब्दांचं, त्यातले निम्मे विजेचे, तेवढे पुरले. त्याने दोन टोकांचा टेस्टर काढला, आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतोय ना हे पाहिलं, मग बंद केलेल्या वायरींना लावला, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि मग पुन्हा एकदा चालू ठिकाणी लावून पाहिला. तेवढ्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बघ.’’ आपला छोटा टेस्टर मात्र त्याने हातात घेऊन हसून परत दिला. तो दिवा लागला तर धोका आहे हे खरं, पण नाही लागला म्हणजे धोका नाही असं समजायचं नाही, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी मान्य केलं.

जिन्याच्या बटणाला फेज खालच्याच सर्किटमधून दिला, उसना न्यूट्रल संपला. त्यासाठी आणखी चार कड्यांना भोकं पाडावी लागली. फुल्या अण्णांनीच मारल्या. फळ्या परत बसवताना खिळ्यांऐवजी स्क्रू घातले, आणि केबल जिथून जाते तिथे फळीच्या खालच्या अंगाला मार्करने रेघ ओढून ठेवली.

त्या वर्षीच्या गणपतीत आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये मखराची रोषणाई कोणी तपासली, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ आरतीच्या आधी स्टेजखाली वाकून एक्स्टेंशनची गुंडाळलेली रीळ पूर्ण उलगडत होते. गुंडाळलेली केबल भार आला की तापते, आणि ती खरंच हाताला कोमट लागत होती. कोणी तरी मला विचारलं, हे कोण? मी सांगितलं, माझे वडील, एमएसईबीत वायरमन होते.

नोव्हेंबरच्या शेवटी ते परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी जिन्याखालच्या फ्यूजबोर्डवर पांढरी पट्टी चिकटवून प्रत्येक ब्रेकरखाली बॉलपेनने मराठीत लिहिलं: खालचे दिवे, वरचे दिवे, भट्टी, सॉकेट. आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात मेन स्विचखाली, ‘प्रथम हा’.

२०१९ मध्ये बोर्ड बदलून प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ बसवला. आला होता तो तरुण पोरगा म्हणाला, उसना न्यूट्रल राहिला असता तर हे ब्रेकर पहिल्याच दिवशी तुटले असते. मग त्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी वाचून, अर्थ सांगून झाल्यावर त्याने जुनं झाकण कचऱ्यात टाकायच्या आधी पट्टी नखाने हळूच सोडवली आणि माझ्या हातात दिली. ती आता नव्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. थोडी फाटलीय, पण ‘प्रथम हा’ वाचता येतं.